तळ्यात पाणी येईपर्यंत

सोसायटीच्या ग्रुपवर फ्लेमिंगोंचा पहिला फोटो पडला की समजायचं, थंडी आली. घणसोलीत थंडी म्हणजे काय, तर पंखा चारावरून दोनवर येतो आणि स्वेटरची हौस भागवून घ्यायला सकाळचे दोन तास मिळतात. त्या दोन तासांत पावणे गावाकडच्या कारखान्यांकडून तो आंबूस वासही येतो. त्याबद्दल मात्र ग्रुपवर कोणी फोटो टाकत नाही.

यंदाचा फोटो परवा पडला. पाण्यात गुलाबी ठिपके, मागे विजेचे मनोरे, आणि खाली जोडलेल्या हातांची ही मोठी रांग. नमस्कार पक्ष्यांना होता की फोटो काढणाऱ्याला, देव जाणे. त्याच्याखाली दुसरा निरोप होता : ‘ध्यानवर्ग पुन्हा सुरू. क्लब हाऊस, सकाळी साडेसहा. येताना सतरंजी आणावी. मोबाईल आणि मन, दोन्ही सायलेंटवर ठेवावं.’ मी तो यांना मोठ्यानं वाचून दाखवला. हे हसले. डाव्या बाजूनं जास्त, उजव्या बाजूनं कमी, पण हसले. मग आम्ही बूट घातले आणि क्लब हाऊसच्या उलट दिशेला, तळ्याकडे निघालो.

हे म्हणजे आमचे कदम. मूळचे साताऱ्याकडचे, उभी हयात तुर्भ्याच्या कारखान्यात सुपरवायझर. मशिनच्या खडखडाटात ऐकू जावं म्हणून आवाज लावायची सवय झालेली, ती निवृत्तीनंतरही गेली नाही. यांच्या एका शब्दावर अख्खी शिफ्ट चिडीचूप व्हायची, असं यांचे जोडीदार सांगतात. सोसायटीच्या गणपतीत आरती यांनीच उचलायची. माईक द्यायला गेलं तर म्हणायचे, “मला कशाला? त्या बारक्या आवाजवाल्यांना द्या.” पलीकडच्या सेक्टरातला गणपतीसुद्धा आमच्याच आरतीवर उरकून घेत असेल, असं मी म्हणायची.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर, भर दुपारी जेवताना यांच्या हातातला घास खाली पडला. दवाखाना, सुया, मशिनी, सगळं झालं. जीव वाचला. पाय हळूहळू उचलायला लागला, उजवा हात अर्धामुर्धा आला. बोलणं मात्र गेलं. डॉक्टर म्हणाले, “यांना सगळं समजतं, फक्त शब्द सापडत नाहीत. पहिले काही महिने महत्त्वाचे. जे यायचं ते बहुतेक तेवढ्यात येतं.” म्हणजे होळीपर्यंत, असा मी मनाशी हिशेब धरला. डॉक्टरांनी होळीचं नाव काढलं नव्हतं. पण माणसाला कुठेतरी खुंटी ठोकावीच लागते.

आता आमचं घर कसं, तर बोलायचं काम माझं. मी जन्मभर पालिकेच्या शाळेत पहिली-दुसरी शिकवली. पोरांना बोलायला शिकवावं लागत नाही हो, ती बोलतच येतात. त्यांना गप्प बसवायचा पगार असतो. हाताची घडी, तोंडावर बोट. हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा म्हटलंय की झोपेतही म्हणत असेन. आणि आता घरात एक माणूस असा, की ज्याच्या तोंडावर कोणीतरी कायमचं बोट ठेवून गेलं होतं. ते काढायला मी निघाले होते.

स्पीच थेरपीची मुलगी यायची. गोड पोरगी, समजूतदार. तिनं सांगितलं, “काकू, रोजच्या वस्तू दाखवा, विचारा हे काय आहे, आणि मग थांबा. शब्द त्यांच्या बाजूनं यायला वेळ लागतो. तुम्ही भरून काढू नका.” मी मान डोलावली. ती जिना उतरली नसेल तोवर माझं सुरू : “अहो, हा काय? पेला. म्हणा, पेला. पे-ला. हा चमचा. चमच्यानं आपण काय करतो? साखर ढवळतो.” बाईला थांबायला सांगणं म्हणजे नळाला थांबायला सांगणं. वर्गात प्रश्न विचारून दोन क्षणांत हात वर आला नाही तर उत्तर फळ्यावर लिहायची सवय लागलेली. हे बिचारे माझ्या तोंडाकडे बघायचे, ओठ हलवायचे, आणि तेवढ्यात मी पुढच्या वस्तूवर गेलेली असायची.

गावाहून नणंदेचा रोज फोन. यांची धाकटी बहीण, वत्सला. तिनं भैरोबाला नारळांचं तोरण बोललं होतं. “वयनी, तू फकस्त रोज सकाळी दादाम्होरं भैरोबाचं नाव घे. पयला सबुद त्येचाच येनार बघ. मी तसंच मागितलंय.” झालं! पेला आणि चमच्याच्या आधी भैरोबा सुरू झाला. मीही कमी नव्हते. नवस न बोललेला देव शोधावा लागला असता. इकडून तिकडून अंगारे आले, कुठलासा गंडा आला. शिकलेली बाई मी, पोरांना पाऊस कसा पडतो ते शिकवणारी, पण गंडा मीच यांच्या दंडाला बांधला. कुठल्याही दारानं येऊ दे पण येऊ दे, एवढंच वाटत होतं.

त्या ध्यानवर्गात आम्ही गेलो तेही याच लालचीनं. कोणीतरी म्हणालं, ध्यानानं मेंदूच्या तारा जुळतात. शिकवणाऱ्या बाई चांगल्या होत्या, आवाज मऊ. म्हणाल्या, “डोळे मिटा. विचार येतील. येऊ द्या. त्यांच्याकडे पाहुण्यांसारखं बघा.” आता आमच्याकडे पाहुणा आला की त्याला नुसतं बघून कसं चालेल? मी आलेल्या प्रत्येक विचाराला बसायला दिलं, चहा दिला, घरच्यांची खुशाली विचारली. वर्ग संपेपर्यंत माझ्या डोक्यात लग्नघर झालेलं. शेजारच्या सतरंजीवर कोणीतरी घोरत होतं. हे मात्र डोळे उघडे ठेवून खिडकीकडे बघत बसलेले. खिडकीबाहेर शेवग्याच्या फुलांवर एक शिंजीर उलटासुलटा लोंबकळत होता, बोटाएवढा पक्षी, त्याच्याकडे.

चार-सहा दिवसांनी बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, “कदमकाकांकडे बघा. किती स्थिर, किती शांत. मौन असं साधायला हवं.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “बाई,” मी म्हटलं, “त्यांनी साधलेलं नाही ते. त्यांच्यावर पडलंय. तुम्ही सगळे इथं मौन शिकायला येता, मी मौनाला कंटाळून आलेय. तुमच्यात कोणाला हवं असेल तर घेऊन जा आमचं!”

क्लब हाऊसमध्ये खरोखरच मन सायलेंट झालं. घोरणारा गृहस्थसुद्धा जागा झाला. बाईंनी हात जोडले, त्यांचे डोळे भरले होते. त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण मला रडू आवरेना आणि रडताना कोणी बघितलेलं मला चालत नाही. म्हणून मी सतरंजी गुंडाळली, यांच्या हाताला धरलं आणि बाहेर पडले.

गेटाबाहेर आल्यावर मी घराकडे वळले तर हे वळेनात. काठी टेकून उभे. मग डावीकडे, रस्त्याच्या टोकाला दिसणाऱ्या, खाडीकाठच्या तिवरांच्या हिरव्या पट्ट्याकडे काठीनं दाखवलं. दसऱ्यापासून यांनी स्वतःहून काही मागितलेलं हे पहिलं. मी म्हटलं, चला.

आमच्या सेक्टरामागे धारण तलाव आहे. पावसाचं पाणी साठावं आणि खाडीचं पाणी वस्तीत शिरू नये म्हणून नवी मुंबई वसवताना अशी तळी ठेवली. एका बाजूला टॉवर, दुसऱ्या बाजूला गावठाणाची खेटून उभी घरं, मध्ये हे तळं. रस्त्याखालच्या मोरीतून भरतीचं पाणी आत येतं आणि ओहोटीला जातं. ओहोटीत तिथं बघण्यासारखं काही नसतं म्हणाल तर नसतं. काळा चिखल, प्लास्टिकच्या पिशव्या, निर्माल्याचा सडा, एक चप्पल. वास विचारू नका. पण काठाला सिमेंटचं एक बाक होतं आणि यांचा पाय तिथवर जाऊन थकायचा. म्हणून ते बाक आमचं झालं.

बाकावर आणखी एक वाटेकरी होती. पारूबाय. घणसोली गावातली जुनी आगरी बाई, नऊवारीखाली पांढरे स्पोर्ट शूज. साखर वाढल्यामुळे डॉक्टरनं चालायला लावलेलं, आणि ती चालण्यापेक्षा बसायचीच जास्त. गावात तिची चार मजली बिल्डिंग, खोल्या भाड्यानं दिलेल्या. लहानपणी याच चिखलात ती चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायची. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, “मास्तर बोलं नाय का?” यांचा रुबाब बघून तिनं यांना मास्तर ठरवलं होतं. मी सांगितलं ते सगळं. तिनं यांच्याकडे नीट बघितलं, आणि मला म्हणाली, “तू बोलतस ना गो, दोघांचा.” मला तेव्हा ते कौतुक वाटलं होतं.

आणि मी बोलत होतेच की! तळं म्हणजे मला आयता तक्ता मिळाला. “हा बगळा. म्हणा, बगळा. हा पाणकावळा, पंख वाळत घालतोय बघा. ती निवटी, चिखलात चालणारा मासा. मासा! मा-सा.” सकाळचे चालणारे थबकून ऐकायचे. एकानं तर नातवाला आणून बसवलं. कोणी शेवेच्या पुड्या आणून सीगलना टाकायचं, की ती पाखरं किंचाळत तुटून पडायची, आणि त्यांच्यावरून माझा आवाज. वर विमान. त्या तळ्याकाठी गप्प असे दोनच जण, एक हे आणि दुसरा तो चिखल.

मार्गशीर्ष गेला, पौष गेला. घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडायची. यांचं काही अडत नव्हतं, खाणंपिणं हाताच्या खुणेवर चालत होतं. पण मला रात्रंदिवस एकच भीती. यांचा आवाज मी विसरून जाईन की काय? गणपतीतल्या आरतीचा एक व्हिडिओ आमच्या लेकीनं पाठवला होता, तो लावायची मला धास्ती वाटायची. माणूस समोर बसलेला आणि त्याचा आवाज फोनमध्ये, हे कसलं दुःख म्हणायचं? ज्याच्यावर रडावं तो माणूस तर शेजारी बसून भाजी निवडतोय.

एक गोष्ट मात्र मी रोज बघत होते, पण तेव्हा मनात भरली नव्हती. भरतीचं पाणी यायला लागलं की पारूबाय गुडघ्यावर हात टेकत उठायची, काठाच्या दोन पायऱ्या उतरायची, नव्या पाण्याला बोटं लावून कपाळाला लावायची आणि परत येऊन बसायची. तोंडानं काही नाही. एकदा मी विचारलं, “काय मागता हो?” ती म्हणाली, “मांगाचा काय? आयली ती. आयलेलीला हात लावाचा.”

फाल्गुन लागला. होळी तोंडावर आली. सोसायटीत वर्गणी सुरू झाली, आणि माझी खुंटी हालायला लागली. थेरपीची मुलगी आता ‘बघू’ म्हणायला लागली होती. वत्सलाचा फोन आला की मी आधी टीव्हीचा आवाज वाढवायची. त्या दिवशी सकाळी मी बाकावर बसले ती निश्चय करूनच. आज काहीही करून बोलवून घ्यायचं.

ओहोटी होती. समोर चिखलात एक गंजकी सळई उभी होती, तिच्यावर एक खंड्या येऊन बसला. इतक्या जवळ मी तो कधी बघितला नव्हता. निळा म्हणजे किती निळा, आणि चोच लालभडक.

“अहो, बघा, कोण आलंय? खंड्या. म्हणा, खंड्या. खं-ड्या. सोपं आहे. रंग कोणता? निळा. चोच कशी आहे? लाल. आता तो काय करणार? मासा पकडणार. म्हणा ना, मासा. नाही? बरं, मग भैरोबा म्हणा. भै-रो-बा. वत्सला किती वाट बघतेय तिकडे. अहो, प्रयत्न तरी करा, निदान मा तरी म्हणा—”

“गप.”

मी आधी मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं. हे खंड्यावरची नजर न काढता बसले होते, आणि यांचा डावा हात वर उचललेला होता. बोट ओठांवर. माझ्याच वर्गातल्यासारखं, तोंडावर बोट.

तोच आवाज. जरा घसरलेला, पण तोच, तुर्भ्याची शिफ्ट चिडीचूप करणारा. आणि मी गप्प बसले. घाबरून म्हणा, आनंदानं म्हणा. माझ्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि मी तोंडात पदर कोंबला होता, कारण यांनी गप म्हटलं होतं आणि मला तो शब्द मोडायचा नव्हता.

मग किती वेळ गेला ते नाही सांगता यायचं. मोरीच्या तोंडाशी चिखलावर एक बारीक ओली रेघ आली. ती थांबली, चाचपली, पुढे आली. खेकड्यांची भोकं एकेक करून भरली, प्रत्येक भोकातून एक बुडबुडा. बुडबुड्याला आवाज असतो. एवढे महिने मी तिथं बसत होते आणि मला ठाऊक नव्हतं. तिवरांच्या मुळांमध्ये टिकटिक टिकटिक चाललेली, चिखल पाणी पितानाची. पिशव्या हलल्या, ती चप्पल तरंगली, निर्माल्यातला एक झेंडू सुटून गोल फिरायला लागला. बगळे एक पाऊल मागे सरले. घाण तीच होती, वास तोच होता. पाणी त्या सगळ्यावरून, कशालाही न टाळता, आत येत होतं.

देव दिसला का म्हणाल, तर नाही. मला काही तेज वगैरे दिसलं नाही. एवढंच झालं, की दसऱ्यापासून पहिल्यांदा मी काही मागत नव्हते. भैरोबाकडे नाही, डॉक्टरांकडे नाही, यांच्याकडेही नाही. आणि मागणं थांबल्यावर जे उरलं ते इतकं भरलेलं होतं, की आपोआप माझे हात जोडले गेले. कोणाला जोडले, ते मी विचारलं नाही.

खंड्यानं सूर मारला, मासा घेऊन वर आला, सळईवर आपटला आणि गिळला. हे माझ्याकडे वळले. यांच्याही डोळ्यांत पाणी होतं. आणि तेवढ्यात बाकाच्या दुसऱ्या टोकाला इतका वेळ श्वास रोखून बसलेली पारूबाय ओरडली, “बोलला गो, बोलला! मास्तर बोलला!” आणि तिनं अशा काही टाळ्या वाजवल्या, की तळ्यावरचं झाडून सगळं पाखरू उडालं.

मी पायऱ्या उतरले. पाण्याला बोटं लावली आणि कपाळाला लावली. खारट, गार, थोडं तेलकट.

घरी येऊन वत्सलाला फोन लावला. “अगं, दादा बोलले!” तिकडे तिचा हुंदका. मग तिनं विचारलं, “भैरोबा म्हनला न्हवं?” माझ्या मनात आलं, हो म्हणून टाकावं. तिचं तोरण, तिचा उपास, काय बिघडतंय? पण हे समोर बसून माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, “नाही गं. मला गप म्हणाले.”

मग रडता रडता ती जे हसायला लागली ते थांबेना. “म्हंजी दादाच हाय त्यो!” ती म्हणाली. “माझाच दादा हाय. आगं, लहानपनी दिसभर मला ह्योच सबुद! भैरोबानं दुसऱ्या कुनाला न्हाई धाडला, माझाच परत दिला.” तोरण तिनं त्याच आठवड्यात वाहिलं.

थेरपीच्या मुलीला सांगितलं तर ती टाळ्या वाजवून म्हणाली, “काकू, म्हणजे तुम्ही एकदाच्या थांबलात!” मी म्हटलं, मी नाही थांबले बाई, मला थांबवलं.

त्याला आता आठ-नऊ महिने झाले. यांचे शब्द येतायत, पण आपापल्या मर्जीनं. पाणी म्हणायला जातात आणि चावी म्हणतात. माझं नाव एकदा आलं, मग कितीतरी दिवस आलं नाही. आरती अजून नाही. यंदा गणपतीत हे पुढच्या रांगेत बसून नुसते टाळ्या वाजवत होते, आणि आरती बारक्या आवाजवाल्यांनी माईकवर म्हटली. मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? पण प्रसाद वाटताना यांनी एका पोराला दटावलं, “गप!” आणि मंडप हसला.

ध्यानवर्गाच्या बाई मध्यंतरी भाजीवाल्याकडे भेटल्या. मी माफी मागायच्या आत त्याच म्हणाल्या, “काका बोलायला लागले ऐकलं. आणि तुम्ही? बसता का कधी ध्यानाला?” मी म्हटलं, “बसते. तळ्यात पाणी येईपर्यंत.” त्यांना कळलं की नाही ठाऊक नाही, पण त्या हसल्या.

तर परवा, फोटो पडला त्या सकाळी, आम्ही बाकावर बसलो. पारूबाय अजून यायची होती. सळई पडलीय, खंड्या दिसला नाही, पण तिवरांच्या पलीकडे ते गुलाबी ठिपके खरोखरच होते. मी त्यांचं नाव घेतलं नाही. मोरीकडून पाण्याची रेघ आली, बुडबुडे आले. मी ऐकत होते. बराच वेळ. इतका, की यांना चैन पडेना. यांनी काठी बाकाला टेकवली, वाकून माझ्या तोंडाकडे बघितलं, काळजीनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. ओठ हलले. मी थांबले. शब्द यांच्या बाजूनं यायला वेळ लागतो. मी भरून काढलं नाही.

“बोल,” हे म्हणाले. “बोल की.”

आणि जन्मभर बडबड केलेल्या या बाईला, खरं सांगते, एक शब्द सुचला नाही.